माझा साबण आणि माझी पतवंडं

३ मार्च, सोमवार

पळतायत! सगळे पळतायत!

लिफ्टवाल्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याचे शुक्रजंतू एकदम तरतरीत, शेपट्या हलवत नुसते धावतायत. लिफ्टवाला म्हणजे माझा नातजावई. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो, आणि काढता काढता विनोद सांगतो. आज जिन्यावरूनच ओरडत आला – "आजी, आपले घोडे शर्यतीचे निघाले!" खाली लॉन्ड्रीत दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना वाटलं हा जुगार खेळतो. मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. तीही हसली. एकीने तर माझा हात धरून अभिनंदन केलं.

माझी नात भिंगरी मागे पायरीवर उभी होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आज मात्र गप्प. लाजली असेल. मीही लाजायचे, पण माझ्या वेळी असले रिपोर्ट नव्हते. माझी मुलं रिपोर्टशिवायच धडाधड आली.

आता फक्त तिची तपासणी राहिली. तिचं काय बिघडलेलं असणार? घोड्यासारखी आहे. आता घरात दोन घोडे झाले, तिसरं शिंगरू येऊ दे!

ही वही तिनेच दिलीय मला. म्हणाली, "तू दिवसभर बडबडतेस, थोडं कागदाशी बोल, गिऱ्हाइकांचे कान वाचतील." शाळेत मी तिसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की पेन अडखळतं. पण कागद मध्येच बोलत नाही हे बरं.

६ मार्च, गुरुवार

बाळाच्या मोज्यांची एक जोडी विणून झाली. पिवळी. माझा अंगठा आत घालून बघितला – बरोब्बर!

११ मार्च, मंगळवार

भिंगरीला म्हटलं, छतात हुक आहे तिथेच पाळणा टांगू. ती म्हणाली, "आजी, तो हुक ओल्या चादरींचा आहे." म्हटलं, चादरी कुठेही वाळतात! ती कामाला निघून गेली. ती दात बनवते. खोटे दात, कवळ्या. दातांच्या डॉक्टरांची मापं येतात आणि ही मेणात एकेक दात बसवते. माझी कवळीही तिनेच केली. मी हसते ते तिच्या दातांनी हसते. आणि सध्या दिवसभर हसते!

डॉक्टरीणबाईंनी तिची तपासणी सांगितलीय. ऐकून मला घाम फुटला. रात्री दोघांनी जवळ यायचं आणि सकाळी हिने दवाखान्यात जायचं. तिथे हिच्या आतलं थोडं पाणी काचेवर घेऊन बघणार, की याचे घोडे तिथे कसे पळतायत. बाई गं! मी म्हटलं, मी येते सोबत. लिफ्टवाल्याला त्या दिवशी काम आहे. भिंगरी म्हणाली, "तू कशाला?" मी म्हटलं, मी कशाला म्हणजे? पणजी कोण होणारे?

१४ मार्च, शुक्रवार

कसं लिहू.

मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या बाईला लिफ्टवाल्याच्या घोड्यांचं सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी दार उघडून विचारलं, "आजींना आत येऊ दे का गं?" भिंगरी आतून म्हणाली, "येऊ दे. नाहीतर सगळ्या दवाखान्याला सांगेल."

काचेवर थेंब ठेवला. ते सगळं टीव्हीसारख्या पडद्यावर दिसतं. मला वाटलं होतं जत्रा दिसेल. डोकी दिसली, शेपट्या दिसल्या. पण एक हलेल तर शपथ! काहींच्या शेपट्या गुंडाळून गेलेल्या, दोऱ्याला काडी लावल्यावर तो आक्रसतो तशा. एका ठिकाणी डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे. डॉक्टरीणबाईंनी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. "इथेही नाही," म्हणाल्या. "इथेही नाही."

मग भिंगरीला विचारलं, "काही वापरता का तुम्ही? आत ठेवायची गोळी? जेल? फेस होणारं काही?"

"नाही."

"आठवून सांग."

"नाही म्हटलं ना!" इतक्या तोऱ्यात म्हणाली की मीच ओशाळले.

मी विचारलं, गोळी कसली हो? डॉक्टरीणबाई स्वभावाने गरीब. म्हणाल्या, "आजी, तुमची लॉन्ड्री आहे, तुम्हाला पटकन कळेल. ज्यांना मूल नको त्या बायका ही गोळी आत ठेवतात. ती विरघळते, फेस होतो. त्यातलं औषध म्हणजे एक जातीचा साबणच. शुक्रजंतूच्या अंगावर पातळ कातडी असते, तेलाची म्हणा हवं तर. साबण कपड्यावरचं तेल सोडवतो ना? तसं हे औषध त्या कातडीला सोडवतं. कातडीला भोकं पडतात, आतलं बाहेर येतं, डोकं फुटतं, शेपटीतला जोर जातो. जागच्या जागी थंड. हे तसंच दिसतंय, म्हणून विचारलं. पण ती वापरत नाही म्हणते, तर कधी कधी बाईचं अंगच त्यांना परकं समजून मारतं. पुढच्या महिन्यात परत बघू."

घरी येताना दोघी बोललो नाही. तशी मी न बोलता घरी आलेली मला आठवत नाही.

माझी पतवंडं होती ती. पडद्यावर. नावं ठेवायच्या आत गेली.

१५ मार्च, शनिवार

मोजे ट्रंकेत ठेवले. खाली, चादरीखाली.

१८ मार्च, मंगळवार

लिफ्टवाल्याची आई आली होती. तशी ती माझ्या लेकीची विहीण, पण लेक बोटीच्या नोकरीवर, महिन्यातून एकदा फोनवर. तेव्हा विहीणबाईंना झेलायचं मलाच.

आल्या त्या चपला न काढताच. काउंटरला टेकून म्हणाल्या, "आमचा मुलगा धडधाकट आहे. कागद आहे आमच्याकडे."

म्हटलं, माहीत आहे, आनंदच आहे.

"मग आता बोला. काय आहे तुमच्या पोरीच्या अंगात? विष?"

इस्त्री माझ्या हातात होती. खाली ठेवली. नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही. म्हटलं, विहीणबाई, लग्नात तुम्हीच म्हणाला होतात, पोरगी गुळाचा खडा आहे. तर म्हणाल्या, "गुळालाच मुंग्या लागतात." जाताना स्वतःच्या साड्या न विसरता घेऊन गेल्या, तेही फुकटात धुतलेल्या!

भिंगरी आत होती. सगळं ऐकलं असणार. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "आजी, चहा घेतेस का?"

पोरगी चालताना अवघडते हल्ली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, आग होते थोडी. खाली." मी म्हटलं, पाणी पी.

२० मार्च, गुरुवार

देवा, मीच.

मीच ते.

चादरींना पावडर घालत होते. खानावळीच्या टेबलांवरच्या चादरी, तेलाचे डाग. त्याला भट्टीची पावडर लागते, जहाल, हाताची सालं काढते. घालता घालता डॉक्टरीणबाईंचा शब्द कानात आला – साबण. तेल सोडवतो. कातडी सोडवतो.

भिंगरीचे कपडे कोण धुतं? मी धुते. आतले-बाहेरचे सगळे. लहान होती तेव्हापासून. वेगळं पाणी कशाला घ्या म्हणून शेवटच्या हौदात चादरींसोबतच टाकते. तीच पावडर. आणि एकदाच खळबळते, कारण माझी कंबर.

दोरीवरून तिची वाळलेली चड्डी काढली, नुसत्या पाण्यात बुडवली, चोळली. फेस! पातळ, पांढरा, काठाला चिकटणारा फेस.

आता सगळं जुळतं. तिला आग होते, का? साबण. ते मरतात, का? साबण. लिफ्टवाल्याचे काचेच्या भांड्यात पळतात, कारण त्या भांड्याला माझा हात लागलेला नाही!

विहीणबाई म्हणाल्या विष. बरोबर म्हणाल्या. फक्त ते पोरीच्या अंगात नाही, माझ्या पोत्यात आहे.

कुणाला सांगू? डॉक्टरीणबाईंना विचारायची लाज वाटते. पणजी व्हायला निघालेली बाई, हुकाचं माप घेणारी, आणि हीच मारेकरी!

२४ मार्च, सोमवार

तिच्या कपड्यांची बादली वेगळी केली. लहान मुलांचा साबण आणला, तो पांढरा, सौम्य. दुकानदार म्हणाला, "काय आजी, आली वाटतं गोड बातमी?" मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. मग रस्त्यात रडू आलं म्हणून कवळी काढून पिशवीत ठेवली. तिचे दात तोंडात ठेवून मला रडवत नाही.

खळबळायचं, पिळायचं, परत खळबळायचं. पाणी काचेसारखं होईपर्यंत.

२९ मार्च, शनिवार

साबण माझा माग सोडत नाही. कपाटातला धुतलेला कपडा पाण्यात टाकला – फेस नाही. जीव जरा भांड्यात पडला. मग तिने अंगावरून काढून टाकलेला घेतला, नुसत्या पाण्यात चोळला – फेस! अगं, मी धुतला तेव्हा नव्हता, तिने घातला आणि आला!

याचा अर्थ एकच. इतक्या वर्षांचा साबण पोरीच्या कातडीत मुरलाय. कापडातून काढता येतो, माणसातून कसा काढू?

भिंगरी मोरीत आली तेव्हा मी तेच करत होते. माझ्या हातातून कपडा ओढून घेतला. "माझे कपडे मी धुईन, आजी."

"का गं?"

"मी काय लहान आहे?"

चेहरा लाल. मला वाटलं, हिलाही कळलं. हिलाही कळलं की आजीच्या हाताने घात झाला, आणि पोरगी बोलत नाही एवढंच. माझ्यावर जीव आहे म्हणून बोलत नाही.

५ एप्रिल, शनिवार

हाताला भेगा पडल्या. रक्त येतं. येऊ दे.

आता तिने बादली लपवली तरी मी शोधते. लिफ्टवाल्याचेही कपडे गरम पाण्यातूनच काढते, साबणाशिवाय. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येतो आता. परवा म्हणाला, "आजी, गिऱ्हाईक लिफ्टमध्ये माझ्यापासून लांब उभं राहतं हो, आणि लिफ्ट केवढीशी!" विनोद केला, पण हसला नाही स्वतः. पूर्वी आधी हसायचा आणि मग सांगायचा.

संध्याकाळी माझ्याजवळ स्टुलावर बसला. म्हणाला, "लिफ्ट अडकली की मला आवाजावरून कळतं कुठे अडकली ते. इथे काहीच कळत नाही. ती बोलत नाही. रात्री कूस बदलून झोपते. मी तिला म्हणतो, नाही झालं मूल तर नाही झालं. तर रडायला लागते. काय अर्थ लावायचा, आजी?"

माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. त्याचा तो ओला चेहरा बघून धीर झाला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

काल परत तपासणी. या वेळी मी आत गेले नाही. बाकावरही कुणाशी बोलले नाही. आतून भिंगरी आली आणि नुसती मान हलवली.

सगळे मेलेले. एवढं खळबळूनही.

डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, तुमचे हात असे का झालेत? मलम लावा." माझे हात बघतात! इथे माझा वंश काचेवर मरून पडलाय आणि या हात बघतात!

१२ एप्रिल, शनिवार

लिफ्टवाला आईकडे गेला राहायला. "दोन दिवस," म्हणाला. पिशवी मात्र मोठी घेतली.

१५ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस झाले. आला नाही.

घर असं शांत कधी नव्हतं. वरच्या मजल्यावर एक पाऊल वाजत नाही. भिंगरी कामावरून येते, खिडकीत बसते, जेवायला हाक मारली की येते, चार घास चिवडते. मी काही बोलायला जाते तर डोळे भरतात तिचे. दोघी एकमेकींना चोरासारख्या टाळतो. इतकं लहान घर आणि टाळायला केवढी कसरत!

खानावळीच्या चादरी परत पाठवल्या. म्हटलं, तब्येत बरी नाही. पावडरीचं पोतं मागच्या दारी टाकलं. लॉन्ड्री बंदच करावी म्हणते. आयुष्यभर लोकांची घाण काढली याचा अभिमान होता मला. पांढऱ्याशुभ्र चादरी बघून वाटायचं, आपण एक काम तरी चोख करतो. आता पांढरं काही बघवत नाही.

मरण येईना म्हणून जगायचं असं म्हणतात ते हे. पण जायच्या आधी सांगायला हवं. पोरीचा संसार मोडतोय आणि मी गप्प बसून मलम लावू?

१८ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं.

मीच निरोप पाठवून बोलावलं दोघांना, लिफ्टवाल्याला आणि विहीणबाईंना. इस्त्रीच्या टेबलाभोवती बसले सगळे. भिंगरी दारात उभी. मी चहा ठेवला आणि चहा ओतायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. पोरीचा काही दोष नाही. तिच्या अंगात विष नाही. माझी पावडर आहे. मी तिचे कपडे चादरींच्या हौदात धुतले, धड खळबळले नाहीत, त्या साबणाने यांचे जीव मेले. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, साबणाने कातडी सुटते. पाहिजे तर मी घर सोडून जाते. पण पोरीला टाकू नका.

आणि हात पुढे केले. पुरावा म्हणून.

विहीणबाई उठूनच उभ्या राहिल्या. "बघ! बघ! मी म्हणत होते ना, या घरातच काहीतरी आहे! नातवाचं तोंड दिसू दिलं नाही या बाईने मला!" आणि काय काय. माझ्या म्हातारपणाला, माझ्या अडाणीपणाला, माझ्या तिसरीला. मी ऐकून घेतलं. बरंच वाटलं खरं सांगायचं तर. कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवंच होतं.

लिफ्टवाला म्हणाला, "आई, बस खाली. आजी, असं नसतं हो... कपड्याच्या साबणाने असं होत असतं तर जगात माणूसच जन्मलं नसतं." पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्यावरून मागे, दाराकडे बघत होता.

मी वळून बघितलं. भिंगरी भिंतीसारखी पांढरी झाली होती. मला वाटलं पडते आता. पडली नाही. माझे हात बघत राहिली. मग जिना चढून वर गेली, आणि दार लावल्याचा आवाज आला.

ते दोघे चहा न घेता गेले. चार कप रिकामेच राहिले, चहा भांड्यातच निवला. मी आवरायलाही उठले नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी मोरीत आली. मी नळाखाली तिचेच कपडे धरले होते. खाली बसली, माझे हात धरले आणि म्हणाली, "आजी, साबण तुझा नाही. माझा आहे."

मग माझ्या मांडीत डोकं घालून सगळं बोलली. ती गोळी. पहिल्यापासून. दर वेळी. तिला मूल नकोच आहे. घाबरून नाही, कुणावर रागावून नाही – नकोच. "मग बोलली का नाहीस गं?" तर म्हणाली, "कसं बोलू? त्याचा रिपोर्ट आला तेव्हा तू जिन्यात नाचलीस. मोजे विणलेस. मला वाटलं, आपोआप नाही झालं तर कुणाचं मन मोडणार नाही. मला काय माहीत, तू स्वतःवर घेशील!"

एक हात उगारला मी. खरंच उगारला. तो भेगाळलेला हात तिने बघितला, डोळे मिटले आणि गाल पुढे केला. मारायचं कुठे आता.

मग ती म्हणाली, "आजी, तुला हवी होती का गं सगळी मुलं?"

असा प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं.

विचारलं, "आग होते का अजून?"

"होते. त्या गोळीनेच होते. रोज रोज वापरून."

म्हटलं, "मग सोमवारी डॉक्टरीणबाईंना खरं सांगू. म्हणू, दुसरं काहीतरी द्या. मी येते सोबत. बाकावर तोंड बंद ठेवीन."

लिफ्टवाला आलाय आत्ता. पिशवी हातातच आहे. ती त्याला घेऊन वर गेली, सांगायला. वरून काही ऐकू येत नाही.

नळ सकाळपासून चालूच होता. बंद केला.